सदस्य बसतो, वारकरी चालतो
(सोलापुरातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘उमेदवार’ असा छापलाय. तिथं येतोच. पण आधी ‘सहभागी’ या शब्दावरचा राग काढू द्या, त्याशिवाय माझी गाडी पुढं सरकत नाही.

आपल्याच शहरात एका अभंगगायन स्पर्धेला मी परीक्षक होतो. कुणाची स्पर्धा ते विचारू नका, संयोजक मागच्या रांगेत बसलेले असतील. निवेदिका प्रत्येकाला ‘सहभागी क्रमांक अमुक’ म्हणून बोलावत होत्या. नाव नाही, गाव नाही. शेवटी प्रमाणपत्रं निघाली. गाणाऱ्यांना ‘सहभागाबद्दल’. तबलजीला, पेटीवाल्याला ‘सहभागाबद्दल’. मलाही तेच, म्हणजे गुण देणारा आणि घेणारे एकाच पंगतीत! एक कागद जास्तीचा छापला गेला होता, तो कुणीतरी उत्साहात चहावाल्याच्या हातात दिला, फोटोसकट. त्यानं तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, ‘हे ऱ्हाऊ द्या की ओ साहेब, च्याचं बिल कोण देणार तेवढं सांगा.’ (हशा) हसताय काय? अख्ख्या सभागृहात आपण कशाला आलोय हे त्यालाच नीट ठाऊक होतं.

आपला जिल्हा पंढरपूरचा. दिंडीत टाळ वाजवणारा टाळकरी, वीणा गळ्यात घेणारा विणेकरी, वारी करणारा वारकरी. अर्ज भरून, वर्गणी देऊन वारकरी होता येत नाही, पाय झिजवावे लागतात. उलट ‘सभासद’ आणि ‘सदस्य’ बघा. दोन्हींच्या पोटात संस्कृतातला ‘सद्’ धातू, म्हणजे बसणं. यज्ञात ‘सदस्य’ नावाचा एक ऋत्विज, म्हणजे पुरोहित असे. बसून इतरांच्या कर्मावर देखरेख ठेवायची, हे त्याचं काम. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ही वैदिक परंपरा अजून अखंड चालू आहे.

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आपल्या सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेत, तर येणाऱ्यांच्या किती तऱ्हा! देवाचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, मिरवणुकीनं निघतात. मानकऱ्याचा मान घराण्यातून येतो. बाराबंदीचा पांढरा अंगरखा घालून नंदीध्वज पेलणाऱ्याला मात्र आधी रात्री-रात्री सराव करावा लागतो. आणि मग आपण सगळे, हौशे, नवशे, गवशे. दुसऱ्या दिवशी बातमीत काय? ‘लाखो भाविक सहभागी’. संपलं.

जाता जाता, गल्लीतल्या खेळातला ‘कच्चा लिंबू’ आठवतो का? पळायचं, ओरडायचं, पण बाद झाला तरी बाद नाही. काही संस्थांवरचे मानद सल्लागार पाहिले की मला... जाऊ दे, इथंही दोघे आहेत. (हशा)

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, ‘पाच मिनिटे’. तर, उमेदवार.

शब्द फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. पूर्वी कचेरीत, पेढीवर पुढंमागं जागा मिळेल या आशेवर बिनपगारी राबत काम शिकणारा तो उमेदवार. वकील मंडळी अजून ‘माझ्या उमेदवारीच्या काळात’ म्हणतात ती ही उमेदवारी. आपल्याकडं ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती कापडगिरणी 1877 ची. आज काम मिळेल म्हणून गिरणीच्या दारात ताटकळणारा बदली कामगार, त्याला कुणी उमेदवार म्हटलं नाही, पण जात तीच. आधी राबणं, मग आशा.

निवडणुकीनं हे उलटं केलं. आता अधिकृत तिकीट मिळालं की माणूस उमेदवार. मग तिकिटाची वाट बघणाऱ्याला काय म्हणायचं? त्याच्यासाठी ‘इच्छुक’ आला. इच्छुकांच्या मुलाखती होतात, याद्या होतात. इच्छुकालाही दम निघेना, तेव्हा तो स्वतःच्या खर्चानं आपल्या ‘सात रस्ता’ चौकात फ्लेक्स लावून ‘भावी नगरसेवक’ झाला. तिकीट नाकारलं की तोच ‘बंडखोर’, माघार घेतली की ‘निष्ठावंत’. माणूस एक, पंधरवडा एक, नावं चार. यात वॉर्डात राबल्याचं सांगणारं एक तरी नाव दाखवा. ‘कार्यकर्ता’ आहे म्हणाल. तो सतरंज्या उचलतोय, त्याला यादीत कोण घेतो?

दुसरी चिठ्ठी आली. ‘डमी उमेदवार’ राहिलाच. छाननीत मुख्य अर्ज उडाला तर हाताशी असावा म्हणून त्याचा अर्ज, बहुधा घरातल्याच कुणाचा तरी. त्याचं प्रश्नोत्तरांत बघू. माईक तिकडं द्या.