सोफा गेला, बैठक आली

[दृश्य: सकाळचे साडेसात. इंदूर, रामबाग. जुन्या दुमजली घराची पुढची खोली. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर पडलंय.]

बारा बाय चौदाची ही खोली. दोन महिन्यांपूर्वी इथे काय काय होतं, ते काकू बोटांवर मोजून सांगतात. पाच जणांचा सोफा, काचेचं टीपॉय, शोकेस, टीव्हीचं कपाट, टॉवेल वाळत घालायची व्यायामाची सायकल आणि कुणाच्या तरी लग्नात आलेलं, एकदाही न चाललेलं विजेचं कारंजं.

आता एक बैठक, एक चौरंग, एक दिवा.

हे सगळं काकूंच्या लेकीनं घडवलं. सोफा दाराबाहेर पडला त्या दिवशी काकू म्हणाल्या होत्या, "अगं, घर आहे का धर्मशाळा?"

[दृश्य: माणिकबाग. १९३३च्या सुमाराची कृष्णधवल छायाचित्रं.]

मिनिमलिझम, म्हणजे कमीत कमी सामानातला साधेपणा, हा शब्द लेकीनं मोबाईलवरून उचलला, हे ती कबूल करते. पण इंदूरला मोकळ्या भिंतींचं कौतुक मोबाईलनं शिकवावं, ही गंमतच आहे. होळकरांचा लालबाग पाहिलेल्यांना ती झुंबरं, तो इटालियन संगमरवर, ती रंगवलेली छतं आठवत असतील. १९२१ साली तो वाडा पुरा झाला. त्यानंतर बाराच वर्षांत त्याच घराण्यातल्या मुलानं, दुसऱ्या यशवंतरावांनी, याच गावात अगदी उलट घर उभं केलं, माणिकबाग. वास्तुकार एकार्ट मुथेसियस, बर्लिनचा. काम चाललं १९३० ते १९३३. आत नितळ भिंती, पोलादी नळ्यांच्या खुर्च्या, चामडं, काच. आयरिश डिझायनर आयलीन ग्रे हिची सुप्रसिद्ध 'ट्रान्सॅट' खुर्ची इथे होती. राजाचं वय तेव्हा जेमतेम पंचवीस!

त्यातलं बरंचसं फर्निचर १९८० साली मोनॅकोत लिलावात गेलं. वास्तू आज केंद्र सरकारच्या कर खात्याकडे आहे. तिथे फायलींचे गठ्ठे मिनिमलिस्ट आहेत का, हे विचारायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

एक मात्र खरं, तो साधेपणा भारी महागाचा होता. आजही तसंच आहे. या घराचं काम केलेल्या सुतारानं पहिल्याच दिवशी बजावलं, "ताई, नक्षीत चूक लपते. सपाट फळीत केसाएवढी फट असली तरी पाहुणा तिथेच बोट लावतो." म्हणून सपाट कामाची मजुरी जास्त. नवं सामान आणून घर 'साधं' करायला निघालात, तर खिसा लवकर रिकामा होतो, खोली नाही. लेकीनं नवीन वस्तू घेतल्या दोन: दिवा आणि पडदा.

[दृश्य: फरशीवर हात फिरतो. जुन्या मोझॅकमधले काळे-पांढरे-तांबडे खडे, अगदी जवळून.]

ही फरशी घराइतकीच जुनी. वर टाइल्स बसवायचं ठरत होतं. मशीन लावून घासली, पॉलिश केली आणि खालून हे निघालं. इतकी वर्षं गालिच्याखाली होतं बिचारं.

भिंतींचा पांढरा ठरवायला चार दिवस गेले. माळव्यातल्या एप्रिलच्या उन्हात पांढराशुभ्र रंग डोळ्यांत खुपतो. मग दुधात साय मिसळावी तसा, किंचित पिवळट घेतला. छतावरची ट्यूबलाइट निघाली. तिच्या जागी खाली, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर दिवा आला. बल्बच्या खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेलं असतं, तो पिवळसर उजेडाचा. मोकळ्या खोलीत वरून पांढरा झगझगीत उजेड पडला, की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं.

[दृश्य: आतली खोली. एक लांब भिंत. काकू एका जागी दाबतात, भिंतीतलं दार उघडतं.]

आणि सामान? मराठी घरातलं सामान कुठे जाणार? गौरींचे मुखवटे, फराळाचे डबे, पापडाची पोळपाटं, पाहुण्यांच्या गाद्या. टाकून द्या म्हणणाऱ्याला आमच्याकडे पाणीसुद्धा मिळत नाही. खरी मेहनत या भिंतीत आहे. जमिनीपासून छतापर्यंत कपाटं, भिंतीच्याच रंगाची, मुठी नाहीत, दाबलं की उघडणारी. गाद्यांसाठी कपाट दोन फूट खोल ठेवलं. डब्यांसाठी मुद्दाम एकच फूट, म्हणजे डब्यामागे डबा जात नाही. मागे गेलेला डबा आपण विसरतो आणि दुकानातून दुसरा रवा आणतो. काकूंच्या घरात तीन ठिकाणी रवा निघाला.

[दृश्य: पितळी तांब्या. काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं.]

हा तांब्या माळ्यावर सापडला. काकूंच्या आईचं नाव आहे त्यावर, ठोकून काढलेल्या टिंबांनी. शेवटचं अक्षर जागा न पुरल्यामुळे चिमटलेलं. शोकेसमध्ये बारा कपांचा सेट होता, किमतीच्या चिठ्ठीसकट. तो गेला. तांब्या चौरंगावर आला. आता रोज त्यातूनच पाणी.

[दृश्य: महेश्वर. नर्मदेचा घाट, मग राजवाडा.]

इंदुराहून नव्वदेक किलोमीटरवर महेश्वर. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार पाहिला, तो इथून. राजवाड्यात त्यांची गादी जपून ठेवलीय. सिंहासन शोधू नका. पांढरी गादी, पांढरा लोड. लेकीनं काकूंना इथे आणलं, तो सोफ्याचा वाद चालू असतानाचा आठवडा होता. काकू गादीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. परतीच्या वाटेवर गाडीत एवढंच म्हणाल्या, "लोडाचे अभ्रे मी शिवीन. बाजारचे नकोत."

[दृश्य: संध्याकाळ. रामबाग. पुढची खोली. चपला दाराबाहेर.]

आज भजनाला शेजारपाजारच्या नऊ जणी आल्यात. सोफ्यावर पाच मावायच्या, बाकीच्या दारात उभ्या राहायच्या. बैठकीवर सगळ्या बसल्या, पेटीलाही जागा झाली. दहावे आले ते समोरचे आजोबा. त्यांनी बैठकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे.

काकू उठल्या. भिंतीतलं दार दाबलं आणि आतून घडीची खुर्ची काढली.