झेंडा परत लागेपर्यंत

(पहाट. गोठलेलं ग्रीन. कॅमेरा जमिनीलगत.)

सकाळचे सात वाजलेत. गवताच्या पात्यापात्यावर रात्रीचं दव गोठून बसलंय. गोल्फमध्ये चेंडू ज्या भोकात, म्हणजे ‘होल’मध्ये, घालायचा, त्याच्याभोवतीची ही बारीक कापलेली हिरवळ म्हणजे ग्रीन. ग्रीनवर आत्ता कुणी पाऊल टाकलं, तर थोडी करकर ऐकू येईल, बाकी काही दिसायचं नाही. दोन-चार दिवसांनी मात्र तिथे बुटाचा ठसा उमटतो, तपकिरी, काळपट, अगदी टाचेसकट. पात्यांच्या पेशींमधलं पाणी गोठलेलं असतं आणि वजन पडलं की त्या पेशी फुटतात. थंडीत गवताची वाढ थांबलेली, त्यामुळे तो ठसा कित्येक आठवडे तसाच राहतो.

म्हणून गोल्फच्या मैदानाच्या, कोर्सच्या, फाटकावर पाटी लागते, ‘कोर्स बंद’. त्या पाटीसमोर एक गाडी उभी आहे. आतला माणूस खाली उतरतो, कुंपणाला हात टेकून ग्रीनकडे पाहत राहतो. होलमध्ये झेंडा नाही. आज खेळायला मिळणार नाही, हे त्याला घरून निघतानाच ठाऊक होतं. तरी तो आलाय.

ही गोष्ट अशा माणसांची आहे. वर्षातले तीन, चार, कुठे कुठे पाच महिने ज्यांचा खेळ जमिनीबरोबर गोठून जातो, त्यांची.

(उडालेल्या गवताचा तुकडा. मातीवरची उघडी खूण.)

आधी गवताचं समजून घेऊ, कारण हिवाळ्यात शेवटचा शब्द त्याचाच असतो. थंड प्रदेशातल्या कोर्सवर बेंटग्रास, फेस्क्यू अशी गवतं असतात. मातीचं तापमान साधारण पाच-सहा अंशांखाली गेलं की त्यांची वाढ जवळजवळ थांबते. आयर्नचा, म्हणजे धातूच्या तोंडाच्या क्लबचा (काठीचा), फटका बसला की मातीसकट गवताचा तुकडा उडतो, त्याला डिव्हट म्हणतात. उन्हाळ्यात ती जागा भरून येते. डिसेंबरमध्ये ती जखम वसंतापर्यंत उघडी राहते. उबदार प्रदेशातलं बर्म्युडा गवत तर थंडी पडली की पिवळं पडून सरळ झोपी जातं.

कुठे मुख्य ग्रीनला दोरी लावून अलीकडे तात्पुरतं ग्रीन आखतात. कुठे फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या आखूड गवताच्या पट्ट्यावर, चेंडू उचलून, पुसून, जवळच ठेवायची सवलत मिळते. खेळाडू त्याला हिवाळी नियम म्हणतात. आणि स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर, जिथे खेळायला मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट पाहतात, तिथे नोव्हेंबर ते मार्च या काळात खेळाडूच्या हातात एक छोटी चटई असते. फेअरवेवर चेंडू त्या चटईवर ठेवायचा आणि मग मारायचा. मला हे दृश्य फार हृद्य वाटतं. शेकडो वर्षं तुडवलेली ती जमीन, आणि तिला आणखी ओरखडा नको म्हणून मुकाट्याने चटई घेऊन चालणारी माणसं.

कोर्स उघडा असला, तरी थंडीतला खेळ वेगळाच. तीस अंशांना एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.१६ किलो असतं, शून्य अंशाला ते १.२९ किलो होतं. म्हणजे चेंडूला दहा टक्क्यांहून जास्त दाट हवा कापत जावं लागतं. त्यात चेंडूचा रबरी गाभा गारठून मंद झालेला. अंगावर कपड्यांचे तीन थर, खांदे पूर्ण वळत नाहीत. एरवी सात नंबरच्या आयर्नने जिथे पोचायचं, तिथे सहा किंवा पाच नंबर, म्हणजे जास्त लांब पल्ल्याचा, काढावा लागतो. चेंडू मुद्दाम गरम करून मारावा असं कुणाच्याही मनात येईल, पण नियमांनी ते बंद केलंय. असा चेंडू खेळला तर खेळाडू थेट बाद ठरतो. हात शेकायला खिशात उबदार पिशवी ठेवली तर हरकत नाही.

(जुन्या चित्रांमधली गोठलेली नदी. काठ्या घेतलेली माणसं.)

आज ज्याला आपण ऑफ सीझन म्हणतो, तोच एके काळी गोल्फचा सीझन होता.

स्कॉटलंडच्या राजदरबारातल्या हिशेबाच्या वह्यांत राजा चौथा जेम्स गोल्फ खेळल्याची नोंद आहे. ती आहे फेब्रुवारी १५०४ची. ऐन थंडीतली! समुद्रालगतच्या गावकीच्या माळरानांवर तेव्हा खेळ चालायचा. उन्हाळ्यात तिथलं गवत इतकं माजायचं की चेंडू सापडायचा नाही. हिवाळ्यात ते खुरटं राहायचं, मेंढ्यांनी कुरतडलेलं असायचं, आणि मग माणसं काठ्या घेऊन बाहेर पडायची. एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं ते १८३०मध्ये. तशी यंत्रं मैदानांवर रुळली, तेव्हा कुठे गोल्फ हळूहळू उन्हाळ्याचा खेळ झाला.

हॉलंडमध्ये तर लोक बर्फावरच खेळायचे. सतराव्या शतकात हेंड्रिक आव्हरकाम्पने रंगवलेल्या हिवाळी चित्रांत, गोठलेल्या पाण्यावर घसरणाऱ्या गर्दीत, काठी उगारून चेंडूवर नजर लावलेली माणसं दिसतात. त्यांच्या त्या खेळाचं नाव कोल्फ. गोल्फ त्यातून आला का, यावर वाद आहे, आणि तो इथे सोडवायचं कारण नाही. उगारलेली काठी आणि खाली झुकलेली नजर मात्र अगदी आजची वाटते.

आणि रुडयार्ड किपलिंग. मुंबईत जन्मलेला हा लेखक १८९२ ते १८९६ या काळात अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये राहत होता. तिथला हिवाळा लांबलचक. त्याने चेंडू लाल रंगवले, बर्फात पत्र्याचे डबे पुरून त्यांचे होल केले आणि खेळ चालू ठेवला. अडचण एकच. कडक बर्फावर पडलेला चेंडू थांबेल तर ना! उतारावरून तो घसरतच राहायचा.

ग्रीनलंडमधलं उम्मानाक हे गाव बर्फावरच्या गोल्फसाठी ओळखलं जातं. तिथे गोठलेल्या समुद्रावर कोर्स आखला जायचा, चेंडू भडक रंगाचे, होल नेहमीपेक्षा मोठं. आणि ग्रीन तिथे पांढरं असायचं.

(रात्र. घरातली खोली. गालिच्यावर घरंगळणारा चेंडू.)

पण बहुतेकांचा हिवाळा असा समुद्रावर जात नाही. तो जातो गालिच्यावर.

घरचे झोपलेत. दिवाणखान्यातलं टेबल भिंतीला सरकवलंय. एक पटर (ग्रीनवर चेंडू हलकेच ढकलायचा क्लब), तीन चेंडू, समोर आडवा ठेवलेला पेला. टक्. टक्. टक्. कुणाला हा वेळ काढण्याचा उद्योग वाटेल. पण हिशेब करून पाहा. पार ७२ च्या, म्हणजे बहात्तर फटक्यांत पुरा व्हावा अशा, कोर्सवर प्रत्येक ग्रीनला दोन पट, म्हणजे पटरचे दोन फटके, धरलेले असतात. अठरा ग्रीन, छत्तीस पट. म्हणजे अख्ख्या खेळाचा अर्धा हिस्सा असा, की ज्याला ना ऊन लागतं, ना मैदान, ना ताकद.

होलचा व्यास १०८ मिलिमीटर. १८९१मध्ये ठरला, तो आजतागायत तेवढाच आहे. तीन मीटरवरून सरळ पट मारायचाय आणि चेंडू अवघ्या एका अंशाने तिरका निघाला, तर होलपाशी पोचेपर्यंत तो मध्यापासून पाच सेंटिमीटरहून जास्त सरकलेला असतो. म्हणजे काठावर. आत जाईल किंवा काठावरून वळून बाहेर येईल. तो एक अंश गालिच्यावर पकडता येतो. चेंडूपुढे हातभर अंतरावर दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) उभ्या ठेवायच्या, मधून चेंडू जेमतेम जाईल एवढी फट सोडायची. चेंडू टीला लागला की चूक कुठे झाली ते तिथल्या तिथे कळतं. गालिचा उतार शिकवत नाही, वेगही नीट शिकवत नाही. चेंडू हवा त्या दिशेने सोडायला मात्र तो पुरेपूर शिकवतो. आणि रोज दहा मिनिटं पुरतात.

पूर्ण स्विंगचं, म्हणजे क्लब अंगाभोवती फिरवून मारायच्या फटक्याचं, तसं नाही. गॅरेजमध्ये जाळी टांगून, खाली चटई घालून लोक सराव करतात, आणि ही चटई फार लबाड असते. गवतावर क्लब चेंडूच्या आधीच जमिनीत रुतला तर फटका मेलाच. चटईवर तोच क्लब निसटून पुढे सरकतो, आवाज छान येतो, चेंडू जाळीत जातो, आणि माणूस खूश होतो. असे तीन महिने गेले की वसंतात पहिल्याच दिवशी माती उडते आणि चेंडू दहा पावलांवर पडतो. जाणते खेळाडू यावर एक सोपा उपाय करतात. चेंडूमागे वीतभर अंतरावर टॉवेलची घडी ठेवतात. क्लब टॉवेलला लागला, तर तो फटका चुकला, आवाज कितीही गोड असो. जाळीत चेंडू कुठे वळला ते दिसत नाही, म्हणून क्लबच्या तोंडावर पावडरचा हलका फवारा मारतात. चेंडू नेमका कुठे लागला, त्याची गोल खूण तिथे उमटते. मध्यावर, की टोकाकडे? खूण खोटं बोलत नाही.

(सिम्युलेटर. पडद्यावर उजळलेलं मैदान.)

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हिवाळ्यातल्या गोल्फला भिंती आणि छप्पर मिळालं. रडार किंवा वेगवान कॅमेरे चेंडूचा वेग, सुटण्याचा कोन, फिरकी हे सगळं क्षणात मोजतात आणि उरलेलं उड्डाण पडद्यावर रंगवतात. दक्षिण कोरियात, जिथे हिवाळा बोचरा आहे आणि मोकळी जमीन थोडी, तिथे ‘स्क्रीन गोल्फ’ हा रोजच्या करमणुकीचा भाग झालाय. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत टायगर वुड्स आणि रोरी मॅकिलरॉय या नामवंत गोल्फपटूंच्या पुढाकाराने टीजीएल ही बंदिस्त सभागृहातली व्यावसायिक लीग सुरू झाली. चेंडू ६४ फूट रुंद पडद्यावर आदळतो आणि उरलेली दुनिया संगणक दाखवतो.

यंत्राचे आकडे फार उपयोगी आहेत, हे मनापासून सांगावंसं वाटतं. आपला आठ नंबरचा आयर्न खरोखर किती जातो, हे बहुतेक हौशी खेळाडूंना माहीत नसतं. सर्वांत चांगला बसलेला एखादा फटका तेवढा लक्षात राहिलेला असतो. पण पडद्यासमोर पाय कायम सपाटीवर असतात. चेंडू पायांच्या वर किंवा खाली पडलेला, ओलं गवत, कानामागून येणारा वारा, पुढच्या फटक्याचा विचार करत चाललेली दोनशे पावलं... हे तिथे नाही. सिम्युलेटरवर चार तासांची फेरी तासाभरात उरकते, आणि कित्येकांना नेमकं तेच चुकल्यासारखं वाटतं.

हिवाळ्याची खरी देणगी वेगळीच आहे, असं मला वाटतं. स्कोअर थांबतो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत तर ठरावीक महिने ‘निष्क्रिय काळ’ म्हणून जाहीर असतात. त्या काळात तिथे खेळलेल्या फेरीचे आकडे हँडिकॅपमध्ये, म्हणजे खेळाडूचा दर्जा सांगणाऱ्या आकड्यात, धरतच नाहीत. कुणी मोजत नाही. ज्याला हातांची पकड बदलायचीय, त्याला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. नवी पकड सुरुवातीला परक्याच्या हातासारखी वाटते, चेंडू भलतीकडे जातात. सीझनमध्ये दोन वाईट फेऱ्या झाल्या की माणूस घाबरून जुन्या पकडीकडे पळतो. हिवाळ्यात पळायचं कारणच उरत नाही. टीव्हीसमोर बसूनही क्लब हातात धरता येतो. चेंडू न मारता, आरशासमोर, अगदी सावकाश केलेले शंभर स्विंग पुष्कळ काम करतात.

शरीराचंही बघावं लागतं. कमरेचे मणके स्वतः फार थोडे फिरतात. फिरायचं काम छातीमागच्या मणक्यांचं आणि खुब्यांचं. ते आखडले की भार कमरेवर येतो. हौशी गोल्फरांच्या दुखण्यांत कंबर सगळ्यांच्या पुढे आहे. चार महिने खुर्चीत बसून पहिल्या उबदार रविवारी दोनशे चेंडू मारणाऱ्यांना सोमवारी उठवत नाही.

(टेबलावर पसरलेले क्लब. हातात जुनी ग्रिप.)

मग एखाद्या संध्याकाळी बॅग उलटी होते. नियमाने जास्तीत जास्त चौदा क्लब, सगळे टेबलावर. खाचांत अजून ऑक्टोबरची माती आहे. जुनी ग्रिप, म्हणजे मुठीवरचं रबरी आवरण, चिरून काढायची, दांड्यावर दुहेरी चिकटपट्टी लावायची, द्रावण ओतायचं आणि नवी ग्रिप एका दमात सरकवायची. द्रावण सुकायच्या आत ती सरळ करावी लागते, नाहीतर पूर्ण सीझन वाकड्या ग्रिपवर काढा. ज्या जागी आपला अंगठा टेकतो, तिथे जुनं रबर गुळगुळीत झालेलं असतं.

सगळ्यात अवघड जाते ती सोबतीची उणीव. चौघं मिळून दर आठवड्याला चार तास चालणारी माणसं. घरी न बोललेलं बरंच काही तिसऱ्या आणि चौथ्या होलच्या मध्ये बोललं जातं. थंडीत ते बंद होतं. काही गट बंद कोर्सच्या कडेकडेने नुसते चालायला येतात, हात खिशात घालून. सातव्या होलपाशी आपोआप थांबतात. तिथे कुणाचा तरी चेंडू गेल्या जुलैत झाडाला लागून परत फेअरवेवर आला होता.

(कोर्सवर काम करणारी माणसं. दूर बर्फ.)

तिकडे कोर्सवर एक माणूस रोज येतोच. ग्रीनकीपर. पाण्याचे चर मोकळे करणं, फांद्या छाटणं, यंत्रांची पाती घासणं, आणि बर्फ पाहणं. नुसता भुसभुशीत बर्फ गवताला पांघरुणासारखा असतो. भीती असते ती घट्ट पारदर्शक थराची. त्याखाली हवा कोंडते आणि गवत गुदमरतं. ग्रीनवर सहज उगवणारं पोआ अॅन्युआ यात आधी मरतं, बेंटग्रास जास्त तग धरतं. बर्फ वितळला की खाली बुरशीचे गोल चट्टेही निघू शकतात. म्हणून ग्रीनकीपर अधूनमधून थराला छोटं भोक पाडून खालच्या गवताचा तुकडा काढतो, आत उबेत ठेवतो आणि हिरवा कोंब येतो का ते बघतो.

एप्रिलचा पहिला पूर्ण आठवडा जवळ येतो, तशी उत्तर गोलार्धातल्या गोल्फरांची नजर अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल या कोर्सकडे लागते. मास्टर्स स्पर्धेतलं ते हिरवंगार मैदान म्हणजे त्यांच्यासाठी हिवाळा संपल्याची खूण. ऑगस्टा नॅशनल मात्र उन्हाळ्यात बंद असतं. बर्म्युडाच्या झोपी जाणाऱ्या गवतावर शरदात राय गवताचं बी पेरतात, म्हणून ते थंडीत हिरवं राहतं. तिथली वाट पाहणं मे महिन्यात सुरू होतं.

(सकाळ. कोवळं ऊन.)

मातीला ऊब आली. यंत्र पहिल्यांदा ग्रीनवरून फिरलं, कापल्या गवताचा वास सुटला. ग्रीनकीपर गुडघ्यावर बसतो, गोल पातं मातीत दाबून फिरवतो, मातीचा दंडगोल अलगद उचलतो. १०८ मिलिमीटर. झेंडा आत जातो.

फाटकापाशी तीच गाडी. ग्रीनच्या कडेला, कुणाच्या तरी जानेवारीतल्या बुटाचा ठसा अजून पुसटसा दिसतोय; टाचेकडून नवं हिरवं आत येऊ लागलंय. तो ठसा ओलांडून माणूस चेंडूपाशी येतो. तीन मीटर, सरळ पट. दोन्ही हातांत नवी ग्रिप. तो एकदा होलकडे बघतो, मग खाली चेंडूकडे.

टक्.