सात हजार दगड, सात हजार झाडे

जर्मनीतील कासेल शहरात, फ्रिडेरिशियानुम या जुन्या संग्रहालयासमोरच्या चौकात, १९८२ साली बेसॉल्टच्या ७००० दगडी खांबांची रास येऊन पडली. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या खांबांचा घाट ओळखीचा वाटेल. डोक्युमेंटा या कलाप्रदर्शनाच्या सातव्या पर्वासाठी, ‘७००० ओक’ या आपल्या कलाकृतीचा भाग म्हणून, ही रास रचणारे शिल्पकार होते योझेफ बॉइस, आणि त्यांची अट एकच होती : शहरात एक झाड लागेल तेव्हाच राशीतला एक दगड हलेल, आणि तो त्याच झाडाच्या शेजारी कायमचा रोवला जाईल.

पहिला ओक वृक्ष बॉइस यांनी १६ मार्च १९८२ रोजी स्वतः लावला. पुढचे काम मात्र एकट्या कलावंताच्या हातून होण्यासारखे नव्हते, आणि तसे ते होऊ नये हाच त्यांचा आग्रह होता. ५०० मार्क (तेव्हाचे जर्मन चलन) देणाऱ्या कोणाच्याही नावे एक झाड आणि एक दगड लागत असे, तर झाडे कुठे लावायची हे सुचवण्यात वस्त्यांमधले रहिवासी, शाळा आणि स्थानिक संघटना यांचा वाटा होता. समाज हेच माध्यम आणि त्याला आकार देणारा प्रत्येक माणूस कलावंत, या आपल्या विचाराला बॉइस ‘सामाजिक शिल्प’ म्हणत.

सगळ्यांनाच ते रुचले नाही. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत बेचिराख होऊन नव्याने उभ्या राहिलेल्या या शहराच्या मध्यभागी दगडांचा ढीग पडून राहावा, याचा अनेकांना राग आला. परंतु तो ढीग नाहीसा करण्याचा मार्ग झाडे लावण्यातूनच जात होता, आणि या रचनेची खरी प्रतिभा मला इथेच दिसते, कारण चौकात उरलेले दगड पाहून शहराचे किती काम बाकी आहे हे कोणालाही कळत असे.

कलाकृतीच्या नावात ओक असले तरी लिंडेन, मॅपल, ॲश, चेस्टनट अशीही झाडे जागेनुसार लावली गेली. रोप लागले तेव्हा दगड त्याच्यापुढे भक्कम दिसे. वर्षे सरली तसा दगड होता तेवढाच राहिला, खोड जाडावले, आणि दोघांमधले प्रमाण उलटत गेले. त्यामुळे हे शिल्प अमुक दिवशी पूर्ण झाले, असे म्हणताच येत नाही.

बॉइस यांनी २३ जानेवारी १९८६ रोजी जगाचा निरोप घेतला, तेव्हा चौकातले सगळे दगड अजून हलले नव्हते. उरलेली लागवड लोकांनी चालू ठेवली. १९८७ च्या जून महिन्यात, पुढच्या डोक्युमेंटाच्या उद्घाटनाच्या वेळी, त्यांचा मुलगा वेन्झेल याने शेवटचे झाड लावले. संग्रहालयासमोर, वडिलांनी लावलेल्या पहिल्या ओकच्या शेजारी.