बाजू पहिली, बाजू दुसरी

(दृश्य : पत्र्याची ट्रंक उघडते. आत दाटीनं रचलेल्या कॅसेट्स.)

सिंधुदुर्गातल्या एका घरातली ही ट्रंक. या कॅसेट्सवर छापील चित्र नाही, कंपनीचं नाव नाही. बॉलपेननं लिहिलंय : 'डबलबारी, गणपती, बाजू पहिली'. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा आमनेसामने रंगणारा सामना; एकेका बुवाची पाळी ती बारी. बुवांनी पेटीवर हात ठेवला की पुढे बसलेला कुणीतरी टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबायचा आणि बारी कॅसेटमध्ये भरली जायची.

(क्लोजअप : कॅसेटची वरची कड.)

ही खाच नीट बघा. इथे प्लास्टिकची एक छोटी पट्टी होती. ती मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नसे. ज्यानं ती मोडली, त्याला ही बारी कायमची जपायची होती. या दुसऱ्या कॅसेटच्या खाचेवर मात्र चिकटपट्टी लावलेली आहे. म्हणजे तिच्यावर पुन्हा काहीतरी भरायचं ठरलं होतं. आधी काय होतं, ते आता कळायला मार्ग नाही.

कॅसेट लोकांसमोर आली १९६३ साली, बर्लिनच्या प्रदर्शनात. फिलिप्स कंपनीच्या लू ऑटेन्स यांच्या चमूनं ती घडवली. आतली फीत चार मिलिमीटरही रुंद नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती जवळपास ९० मीटर भरते. तिचा हा तपकिरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचाच भाऊबंद. आवाज उमटतो तो याच थरात, चुंबकत्वाच्या रूपानं.

ऐंशीच्या दशकात ती आपल्याकडे गावोगाव पोचली. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं एसटी स्टँडवर वाजू लागली. नाक्यावरच्या दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली, की गाणी भरून मिळायची.

(दृश्य : सीडी उजेडात फिरते.)

आणि ही सीडी. १७ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीत, हॅनोव्हरजवळच्या लांगनहागन इथल्या कारखान्यात तिचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. तिच्या घडणीमागेही लू ऑटेन्स होतेच. रुंदी बारा सेंटिमीटर, पण आतून बाहेर जाणारी खुणांची वाट पाच किलोमीटरहून लांब. त्या खुणा वाचतो लेझरचा किरण, स्पर्श न करता. फीत गुंतणं नाही, पेन्सिल घालून गुंडाळणं नाही. आवाज स्वच्छ होता, यात वादच नाही.

पण ही सीडी घरी भरता येत नव्हती. सीडी भरणारा रायटर आणि कॉम्प्युटर घरात यायला पुढे बरीच वर्षं गेली. सिनेमाची गाणी, भावगीतं सीडीवर आली, कारण त्यांच्या मास्टर टेप, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणं, कंपन्यांकडे होती. या बारीची मास्टर टेप म्हणजे ही कॅसेटच.

पुढे एमपीथ्री आलं, एका सीडीत शे-दीडशे गाणी मावू लागली, आणि कॅसेटची दुकानं बंद झाली.

(दृश्य : टेबल, दिवा, स्क्रू-ड्रायव्हर.)

कोकणातल्या दमट हवेनं फितीच्या कडेला ही पांढरी बुरशी धरली आहे. म्हणून कॅसेट थेट लावायची नाही. आधी पाच बारीक स्क्रू काढायचे. फीत अलगद उचलायची, बुरशी पुसायची आणि नव्या डबीत बसवायची. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, स्पिरिटच्या बोळ्यानं साफ करायचं. मग हेडशेजारचा हा स्क्रू, हेड फितीशी नीट जुळवणारा. तो केसभर फिरवायचा, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा फिरवायचा. झांजेचा आवाज दबका येतो आहे... अजून दबका... आता बघा, मोकळा झाला. इथेच सोडायचा. यानंतर कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई करून चालत नाही.

कान देऊन ऐका. बुवांचा आलाप सुरू व्हायच्या क्षणभर आधी तोच आलाप अगदी पुसट येऊन जातो. वर्षानुवर्षं गुंडाळून राहिलेल्या फितीचा एक पदर शेजारच्या पदरावर उमटला आहे.

(निवेदन नाही. २० सेकंद बारीचा आवाज. बुवांच्या मुलाचा चेहरा.)

तुमच्याही माळ्यावर हातानं नाव लिहिलेली कॅसेट असेल, तर ती आधी उजेडात धरा. कडेला पांढरं दिसलं, तर प्लेयरमध्ये घालू नका. फीत साफ करून घ्या, मगच लावा.

(दृश्य : खटका वाजतो. हात कॅसेट उलटतो.)

बाजू दुसरी.