वस्ती काठाला असते

[पहाट. पडद्यावर फक्त धुकं. दूर पंख फडफडल्याचा आवाज.]

समोर तळं आहे. दिसत नाही, पण आहे. रात्रभरात हवा गार झाली आणि पाण्यानं मात्र दिवसाची ऊब धरून ठेवली. पाण्यावरून उठणारी वाफ त्या गार हवेत शिरते, तिचे बारीक थेंब होतात आणि हे धुकं तयार होतं. ऊन वर येईल तसं ते विरळ होत जाईल.

[धुकं सरतं. मोकळं पाणी.]

तळ्यावर आलेला माणूस आधी मधोमध बघतो. पसरलेलं पाणी, पलीकडची झाडं, त्यांचं उलटं प्रतिबिंब. पहिल्या दिवशी आम्हीही तेच चित्रित केलं. चित्रण देखणं आलं, पण त्यात एकही पक्षी नव्हता.

वस्ती असते ती काठाला. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून तिथं वनस्पती मूळ धरतात. वनस्पतींच्या आडोशाला गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, माशांची पिल्लं. आणि या सगळ्यांच्या मागावर पक्षी.

उजेड किती खोल जातो हे मोजायची युक्ती अगदी साधी आहे. अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञानं १८६५ साली समुद्रात एक पांढरी तबकडी दोरीनं खाली सोडली आणि ती कुठं दिसेनाशी होते ते पाहिलं. तळ्यांचा अभ्यास करणारे आजही तशीच तबकडी वापरतात. ती दिसेनाशी होते त्या खोलीच्या साधारण दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत वनस्पतींना पुरेल इतका उजेड असतो. पाणी गढूळ झालं की हा पट्टा आकसतो. पक्ष्यांना हौसेनं टाकलेला पाव पाण्यात कुजतो, शेवाळ माजतं, तेव्हाही हेच होतं.

[पायवाट. संथ पावलं.]

तळ्याची फेरी घड्याळ लावून मारायची नसते. पन्नास पावलं चालावं आणि थांबावं. ऊन पाठीशी ठेवावं, म्हणजे पाण्याची चमक डोळ्यांवर येत नाही. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरे: वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ मिलिमीटरची भिंगं पहाटेच्या अंधुक उजेडातही साथ देतात. त्याहून मोठी गळ्यात घेऊन हिंडायला मान मजबूत लागते.

तो बघा, राखी बगळा. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मुडपलेली. हालचाल नाही, म्हणून तो दिसतच नाही. शेजारच्या ओंडक्यावर पाणकावळा पंख पसरून बसलाय. त्याची पिसं बदकासारखी कोरडी राहत नाहीत. त्यामुळे बुडी मारणं सोपं जातं, पण नंतर असं वाळत बसावं लागतं.

[लव्हाळ्याचं पातं, अगदी जवळून.]

हे बोटाच्या पेराएवढं तपकिरी काय चिकटलंय? चतुराची कात. पाण्यात वाढलेली अळी एके रात्री या पात्यावर चढली, पाठ उभी उकलली आणि चतुर उडून गेला. मागे हे टरफल राहिलं. फटीतून लोंबणारे पांढरे दोरे दिसतात का? ते तिच्या श्वासनलिकांचं अस्तर. तेही कातेबरोबरच बाहेर आलं.

[कयाक पाण्यात.]

कयाकमधून जायचं तर लाइफ जॅकेट घालूनच, पोहता येत असलं तरी. जाताना वाऱ्याविरुद्ध वल्हवावं, म्हणजे दमून परतताना वारा पाठीशी असतो. आम्ही हे उलटं केलं होतं. परत यायला खांदे भरून आले. आणि लव्हाळ्यात कयाक घुसवू नये. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला वारकरी पक्षी दचकला की त्याला उडण्याआधी पाण्यावर बरंच धावावं लागतं. तेवढी ताकद तो उगाच खर्च करतो.

[लव्हाळ्यात तरंगणारा कुजक्या पाल्याचा ढीग.]

तिसऱ्या दिवशी हा ढीग आमच्या चौकटीत सारखा येत होता. वाहत आलेला कचरा समजून आम्ही कॅमेऱ्याचा कोनही बदलून पाहिला, तरी तो येतच राहिला. मग कंटाळून मागे, झाडाखाली, चहा प्यायला बसलो.

कॅमेरा सुरूच राहिला होता.

[तेच दृश्य. पाण्यातून एक लहानसं डोकं वर येतं.]

टिबुकली. ओंजळीत मावेल एवढी. इकडं बघते, तिकडं बघते, बुडी मारते, ढिगाजवळ निघते. धडपडत वर चढते, कारण तिचे पाय शरीराच्या पार मागे असतात. पोहायला उत्तम, चालायला नाही. आणि चोचीनं एकेक ओला पाला बाजूला सारायला लागते.

एक अंडं. दुसरं. तिसरं.

घरटं सोडताना तिनं ती झाकून ठेवली होती. आम्ही समोर होतो तोवर ती परतलीच नव्हती.

[दृश्य लांबून. टिबुकली ढिगावर बसते. निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज.]