आपण तोतये तर नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

'तोतया' हा शब्द पुण्याला नवा नाही. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावानं एक तोतया उभा राहिला आणि त्यानं पेशव्यांना घोर लावला. आपण भाऊ नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज बोलायचंय ते नेमक्या उलट्या माणसांबद्दल. समुपदेशनाच्या एम.ए.ला रीतसर प्रवेश घेतलेला, अभ्यास केलेला, तरी आत धास्ती: आपलं बिंग फुटणार. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये या अनुभवाला 'इम्पोस्टर फेनॉमेनन', म्हणजे आपण तोतये असल्याची भावना, असं नाव दिलं. हा आजार नव्हे.

समुपदेशन शिकताना ही धास्ती बळावते. शिवण उसवली तर दिसते. इथे पन्नास मिनिटांच्या सेशननंतर हाती दिसण्यासारखं काही उरत नाही. क्लायंट पुन्हा आला नाही, की 'माझंच चुकलं' हे आधी सुचतं. त्याला सुट्टी मिळाली नसेल, घरून विरोध असेल, कदाचित बरंही वाटलं असेल. त्यात पुस्तकं इंग्रजी, आणि समोरच्या काकू म्हणतात, "जीव थाऱ्यावर नाही हो." शिकलेले शब्द तिथेच अडतात. नेहमी लागणारे आठ-दहा प्रश्न मराठीत मोठ्यानं म्हणून बघा, जीभ सरावते.

धास्ती मग कामात उतरते. शांतता सोसत नाही. क्लायंट डोळे पुसत असतानाच पुढचा प्रश्न जातो, नाहीतर सल्ला. आणि सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी समुपदेशकापुढे आपलं काम मांडायला, फक्त जमलेला भाग नेला जातो. तिथे कौतुक झालं, तरी मन म्हणतं, 'यांना सगळं कुठे माहीत आहे?' म्हणून ते कौतुक अंगी लागत नाही.

आमचा आग्रह असा, की अडखळलेली पाच मिनिटं आधी न्या. क्लायंटच्या लेखी संमतीनं रेकॉर्डिंग केलं असेल तर ते ऐकवा. नसेल तर सेशननंतर लगेच, नाव न घालता लिहा: तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, तेव्हा माझ्या मनात काय होतं, पुढे काय झालं. 'मला काहीच येत नाही' यावर सुपरव्हायझर काय करणार? 'तिनं वडिलांचा विषय काढला आणि मी तो बदलला' यावर रोलप्ले करता येतो. तोच प्रसंग तीनदा, तीन वेगळ्या प्रतिसादांनी.

पण प्रत्येक शंका पोकळ नसते. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट कसं विचारायचं हे शिकला नसाल, तर तो राहिलेला धडा आहे. 'मलाच उगाच वाटतंय' म्हणत गप्प बसू नका. असा धोका जाणवला, तर क्लायंट खोलीत असतानाच सुपरव्हायझरला फोन लावा. 'मी प्रशिक्षणार्थी आहे, अनुभवी व्यक्ती माझं काम पाहते' हे पहिल्या भेटीतच सांगितलं असेल, तर हा फोन क्लायंटलाही खटकत नाही, आणि आपल्याकडे लपवण्यासारखं काही राहत नाही.

सुपरव्हायझरांनाही कळकळीची विनंती. शैक्षणिक सत्राच्या सुरुवातीलाच, क्लायंटची ओळख पूर्ण झाकून, आपलं एक फसलेलं सेशन मुलांपुढे मांडा.

नमस्कार.