९९ म्हणजे ‘सांगितलं नाही’

[काळा पडदा. कात्रीचा आवाज. मग खोकं दिसतं.]

दोरीची गाठ इतकी घट्ट बसली होती की कापावीच लागली. आत एका जुन्या सर्वेक्षणाची पंचकार्डं आहेत: यंत्रानं वाचावीत म्हणून उत्तरं भोकं पाडून नोंदवलेली. जाड, पिवळट कागदाची, एका आकारात कापलेली, गठ्ठ्यागठ्ठ्यानं रचलेली. एका कार्डावर ८० रकाने, रकान्यात १२ जागा. एक कार्ड म्हणजे एक माणूस. माणूस जास्त बोलला असेल तर दोन कार्डं, तीन कार्डं. त्याचं शिक्षण, त्याची कमाई, घरात खाणारी तोंडं, मत कुणाला दिलं, सगळं या छोट्या चौकोनी भोकांत.

[कार्ड खिडकीच्या उजेडासमोर.]

दिसतं सुंदर. पण नुसतं बघून कळत काहीच नाही.

[टंकलिखित पानं. कडेला पेन्सिलीची टिपणं.]

कळायला हे लागतं. याला कोडबुक म्हणतात. प्रश्न कोणता विचारला, कोणत्या शब्दांत विचारला, उत्तर कोणत्या रकान्यात गेलं आणि तिथल्या आकड्याचा अर्थ काय, ते या पानांत असतं. हे पान बघा. रकाना २३ आणि २४: वय. खाली बारीक अक्षरात: ९९ म्हणजे सांगितलं नाही.

ही एक ओळ फाटून गेली, तर त्या सर्वेक्षणात नव्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यांची झुंबड उडते. सरासरी वय भलतंच चढतं. दुसऱ्याचा डेटा पहिल्यांदा हाताळणारा विद्यार्थी हमखास इथे पाय घसरून पडतो. या फिल्मच्या टीममधला एक जणही पडला होता. नाव सांगत नाही.

पूर्वी कार्डं वाचवायला एकाच रकान्यात दोन-दोन, तीन-तीन भोकं पाडत. हिशेबाला ठीक होतं, पण नंतरच्या यंत्रांना ते वाचता येईना. म्हणजे कागद शाबूत, शाई शाबूत, भोकं जागच्या जागी, आणि तरी डेटा गेलेला. आग लागून, पूर येऊन जातो त्याची निदान बातमी होते. हा असा गुपचूप जातो.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं. मुलं, गल्ल्या, पायऱ्या.]

बॉस्टन. १९४० च्या आसपासचा काळ. हार्वर्ड लॉ स्कूलमधलं एक दांपत्य, शेल्डन आणि एलेनॉर ग्लुक, एक हजार मुलांचा अभ्यास हाती घेतं: मुलं गुन्ह्याकडे का वळतात? ५०० सुधारगृहातली, ५०० शाळेत जाणारी, पोलिसांच्या दप्तरात नाव नसलेली. वय, वांशिक मूळ, बुद्ध्यांक आणि वस्ती जुळवून एकेकाची जोडी लावलेली. मुलाशी बोलायचं, आईवडिलांशी बोलायचं, शिक्षकांना विचारायचं, सरकारी नोंदी तपासायच्या. मुलं मोठी झाली तरी पाठपुरावा सुटला नाही; पंचविशीत एकदा, बत्तिशीत पुन्हा. १९५० मध्ये या अभ्यासाचं पुस्तक आलं, गाजलं, त्यावर वाद झाले. मग कागद खोक्यांत गेले आणि खोकी ग्रंथालयाच्या तळघरात.

ऐंशीच्या दशकात रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब या दोन तरुण संशोधकांना ती तिथे सापडली. नवा अभ्यास काढायचा, नवी मुलं शोधायची, तर ती बत्तीस वर्षांची होईपर्यंत थांबा. इथे अख्खी आयुष्यं धूळ खात पडलेली.

[हात. कागद. पुन्हा कागद.]

‘सापडली’ म्हणायला अर्धा सेकंद लागतो. पुढे वर्षं जातात. अशा कामात आधी प्रत्येक फाईल दुसऱ्या फाईलशी जुळवायची. एकाच माणसाचं नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेलं. मुलाखतकाराचं अक्षर लागत नाही. ‘घरचं वातावरण बरं’ असा शेरा आहे. बरं म्हणजे किती बरं? तो शेरा दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून वाचायचा, आकडा द्यायचा, मग आकडे जुळतात का बघायचं. जुळले नाहीत तर नियम पुन्हा लिहायचा आणि पहिल्या फाईलपासून सुरुवात. कंटाळवाणं आहे, मान्य. आम्ही हे चार तास चित्रित केलं, तुम्हाला चाळीस सेकंद दाखवतोय.

आणि मग त्याच कागदांतून वेगळं काही वर येतं. ग्लुक दांपत्याला त्यांत मुख्यतः बालपण दिसलं होतं, शरीराची ठेवणसुद्धा. सॅम्पसन आणि लॉब यांना त्यातच टिकलेली नोकरी दिसली, जमलेलं लग्न दिसलं, आणि त्यानंतर गुन्ह्यापासून लांब गेलेली माणसं दिसली. १९९३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. पुढे सत्तरीला टेकलेल्या ५२ जणांना त्यांनी गाठलं आणि समोर बसवून बोलतं केलं.

[रेषांच्या वहीची पानं. शाळकरी अक्षर.]

इंग्लंडमधलं शेपी बेट. १९७८. समाजशास्त्रज्ञ रे पाल यांच्या सांगण्यावरून शाळा सोडायच्या बेतातली मुलं निबंध लिहितात: तुम्ही म्हातारे झालात, मागे वळून आयुष्य सांगा. १४१ निबंध. ते जपले गेले. म्हणूनच २०१० मध्ये त्याच बेटावरच्या नव्या मुलांना तोच विषय देता आला आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवता आल्या. पहिल्या वह्या रद्दीत गेल्या असत्या, तर दुसऱ्या कशाशी ताडून बघणार?

[कपाटांच्या रांगा.]

जपायच्या जागा तशा जुन्या आहेत. अमेरिकेत सर्वेक्षणांचा डेटा जपणारं रोपर सेंटर १९४७ पासून, मिशिगन विद्यापीठातलं डेटा-भांडार १९६२ पासून, ब्रिटनमध्ये एसेक्स विद्यापीठातलं १९६७ पासून. अडचण जागेची नाही. पेपर लिहिला की नाव होतं. कोडबुक लिहिणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा कोडबुकावरही नसतं. मग ते कोण लिहील, आणि कधी? प्रकल्पाचे पैसे संपल्यावर, सुट्टीच्या दिवशी.

[मुलाखतीची टंकलिखित प्रत. नावावर काळी पट्टी.]

नाव झाकलं. खालच्या ओळीत आहे, ‘गावातला एकमेव डॉक्टर’. म्हणजे झाकून उपयोग काय झाला? हेही पेन्सिल घेऊन, ओळ न् ओळ वाचूनच पकडावं लागतं.

काही बोलणं कुणाच्या हाती जाऊच नये, हेही खरं. बॉस्टन कॉलेजच्या प्रकल्पात उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती गुप्ततेच्या शब्दावर घेतल्या गेल्या. २०११ मध्ये समन्स निघालं आणि काही टेप पोलिसांकडे गेल्या.

[पुन्हा पहिलं टेबल. संध्याकाळचा उजेड.]

खोकं निम्मं झालं आहे. रकाना ३१ मध्ये ७ हा आकडा वारंवार येतोय. कोडबुकात ७ आहे, पण पेन्सिलीनं खोडलेला. शेजारी एक शब्द: ‘बदललं’. कुणी बदललं, कशात बदललं, लिहिलेलं नाही.

टेबलाशी बसून कार्डं तपासणारी ती थोडा वेळ त्या शब्दाकडे बघते. मग नव्या फाईलमध्ये लिहिते: ‘७: अर्थ अज्ञात. मूळ प्रतीत पेन्सिलीनं खोडलेलं, शेजारी “बदललं” असा शेरा.’ खाली स्वतःचं नाव आणि तारीख.

पुढचं कार्ड उचलते.